लायसन्सवरचा एक ‘ओ’ आणि मागे राहायची भीती

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ३९ वर्षांची, नाशिकची, इंदिरानगरला राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. पंधरा वर्षं अॅक्टिव्हा चालवतेय, दोन वर्षांपूर्वी भावाच्या बाइकवर गिअर शिकली. नोव्हेंबरात दोन मैत्रिणींबरोबर परदेशात जाऊन, तिकडे भाड्याने बाइक घेऊन, पाच-सहा दिवस डोंगरात फिरायचं ठरलंय. व्हिएतनामचा ‘हा जांग’ लूप की थायलंडचा ‘मे हाँग सोन’ लूप यावरून ग्रुपमधे अजून भांडण चालूय. मैत्रिणी लडाख करून आलेल्या आणि फास्ट चालवणाऱ्या. तिचं म्हणणं असं, ‘मला सामानाची पूर्ण यादी द्या, जॅकेट कुठलं, ग्लोव्ह्ज कुठले, नी-गार्ड घ्यावेत का. सध्या मी स्पीड वाढवायची प्रॅक्टिस करतेय, सकाळी आडगावच्या पुढे हायवेला भावाची बाइक ८०-९० ला नेते, कारण माझ्यामुळे त्यांची ट्रिप खराब व्हायला नको. घरी नवऱ्याला सांगितलंय की तिकडे व्हॅन करणार आहोत. एकदा पार्किंगमधे माझ्या हातून बाइक पडली तेव्हा तो हसून म्हणाला होता, हे तुझं काम नाही. तेव्हापासून त्याच्यासमोर बाइकचा विषय काढतच नाही. लपवतेय याचं वाईट वाटतं, पण सांगितलं तर ट्रिपच बोंबलेल. काय करू?’

तुला सरळ ‘तू’ म्हणते, वयाने मोठी आहे आणि दोन्ही बाजूंनी पडून झालेलं आहे, त्यामुळे तेवढा हक्क आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्रातला अर्ध्याहून जास्त भाग जॅकेट, ग्लोव्ह्ज, बॅग, मोबाइल होल्डर यावर आहे आणि मधेच एक ओळ येऊन जाते, ‘स्पीड वाढवायची प्रॅक्टिस करतेय’. मला वाटतं तुझा खरा प्रश्न त्या ओळीत आहे, बाकी सगळं शॉपिंग आहे. शॉपिंग करताना कसं तयारी झाल्यासारखं वाटतं ना, मलाही वाटायचं, पहिल्या ट्रिपच्या आधी मी चार महिने नुसती खरेदीच करत होते आणि लायसन्स एकदाही बाहेर काढून बघितलं नव्हतं.

म्हणून आधी तेच कर. उठ, पर्समधून लायसन्स काढ आणि वाहनाचा प्रकार लिहिलेला असतो तिथे बघ. एमसीडब्ल्यूजी लिहिलंय, का मधे एक ओ आहे, एमसीडब्ल्यूओजी? तो ओ असेल तर तुझं लायसन्स बिनगिअरच्या दुचाकीचं आहे. अॅक्टिव्हावर शिकून अॅक्टिव्हावर टेस्ट दिलेल्या खूप जणींचं तेच असतं आणि दहा-पंधरा वर्षं कुणी बघतही नाही. पण मग आडगावच्या पुढे तू जी बाइक ९० ने पळवतेस ती आत्ता इथे, आपल्याच गावात, लायसन्सशिवाय पळवतेयस. काही झालं तर भावाच्या गाडीचा इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल. (आणि ज्यांच्याकडे फक्त कारचं, एलएमव्हीचं लायसन्स आहे आणि तिकडे जाऊन ‘स्कूटर काय, कोणीही चालवतं’ म्हणतात, त्यांनी पण हे वाचा. कारच्या लायसन्सवर दुचाकी चालत नाही, ना इथे ना तिकडे.)

ओ असला तर घाबरायचं कारण नाही, पुरेसा वेळ आहे. ऑनलाइन अर्ज करून लायसन्समधे गिअरची दुचाकी वाढवून घ्यायची, त्यासाठी लर्निंग निघतं, मग तीस दिवस थांबून पेठ रोडच्या आरटीओला टेस्ट. आठ काढावा लागेल परत. काढ. माझ्या मते तुझ्या ट्रिपची सगळ्यात उपयोगी प्रॅक्टिस तो आठच आहे, ९० चा स्पीड नाही, पण त्यावर पुढे बोलते.

त्यानंतर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, सगळे आयडीपी म्हणतात. तेही आपलंच आरटीओ देतं, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं, पासपोर्ट लागतो. हातात मिळालं की काउंटरवरून हलायच्या आधी उघडून बघ, दुचाकीच्या रकान्यात शिक्का आहे का. आणि हे परमिट म्हणजे तुझ्या लायसन्सचं भाषांतर आहे असं समज, नुसतं ते नेऊन चालत नाही, ओरिजिनल लायसन्स बरोबर पाहिजेच.

आता ग्रुपमधलं भांडण मिटवते.

रील्समधे सगळीकडे हा जांगच दिसतं आणि का दिसतं ते कळतंही. मा पी लेंगची खिंड, खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ, सगळा मिळून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचा फेरा, तीन-चार दिवसांत होतो. पण रील्समधे एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपलं आयडीपी रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारातलं आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, १९४९ च्या नाही. म्हणजे तुझं पेठ रोडचं ते परमिट व्हिएतनाममधे धरत नाहीत. तुझी मैत्रीण म्हणेल, अगं कोण बघतंय, सगळे चालवतात, अडवलं तर थोडे पैसे देऊन सुटतात. सुटतातही. पोलिस हा त्यातला छोटा भाग आहे गं. अपघात झाला, पाय मोडला, तिथून हनोई म्हणजे तीनशे किलोमीटर, आणि तुझ्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे लिहिलेलं असतं की त्या देशात चालणारं लायसन्स असेल तरच. ते ‘सगळे चालवतात’ वाले तेव्हा हॉस्पिटलचं बिल भरायला येत नाहीत.

आणि तिथे उजवीकडून चालवतात. ट्रॅफिकमधे त्याचा त्रास होत नाही, पुढच्याच्या मागे मागे आपण बरोबर जातो. घोळ होतो तो जेवून, फोटो काढून परत निघताना, रस्ता रिकामा असतो, डोकं सुस्त असतं आणि हात आपोआप डावीकडे घेतो.

थायलंड १९४९ च्या करारात आहे, आपलं परमिट तिथे चालतं, आणि वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. एवढं मला पुरे आहे. तुम्ही तिघी स्वतः चालवणार असाल तर मे हाँग सोन करा. हा जांगच पाहिजे असेल तर तिथे ईझी रायडर मिळतात, म्हणजे लोकल माणूस चालवतो आणि आपण मागे बसायचं. त्यात कमीपणा काय आहे मला कळत नाही, उलट नदी बघायला मिळते, चालवणाऱ्याला तर समोरचं वळणच दिसत असतं. पण तुला चालवायचंय हे तुझ्या पत्रात जागोजागी दिसतं, त्यामुळे मी थायलंड धरूनच पुढे लिहिते.

लूप असा आहे: चियांग मायहून पाय, पायहून मे हाँग सोन, तिथून खाली खुन युआमवरून मे सारियांग आणि परत चियांग माय. सहाशे किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून तुझ्या मैत्रिणी म्हणतील तीन दिवसांत उडवू. पण नुसत्या पायपर्यंतच्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत आणि अख्ख्या लूपवर १८६४, टी-शर्टवर छापून विकतात ते आकडे. चियांग माय ते पाय जेमतेम १३० किलोमीटर, तरी आरामात चार तास धर. (पाय या नावावरून आम्ही फार हसलो होतो, कारण त्या गावात पाऊल ठेवलं की कॅफेत बसलेल्या गोऱ्या पोरांतल्या कितीतरी जणांच्या पायाला बँडेज दिसतं. पुढे डोई पण आहे बरं का, डोई म्हणजे तिकडे डोंगर, परतीच्या वाटेवर डोई इन्थानॉन लागतो, थायलंडचा सगळ्यात उंच, २५६५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६.)

आता तो स्पीड.

तू रोज सकाळी हायवेला ९० ने जातेस त्याचा या रस्त्याला शून्य उपयोग आहे, उलट नुकसान आहे, कारण हायवे हाताला सवय लावतो की गाडी सरळ जात राहणार. घाटात तुझा सरासरी वेग पस्तीस-चाळीस पडेल आणि तो बरोबर आहे. तिथे कौशल्य लागतं ते वेगळं: वळणाच्या आधी ब्रेक मारून संपवायचा, वळणात ब्रेक धरायचा नाही, नजर दरीकडे किंवा पुढच्या चाकाजवळ नाही तर वळण जिथे संपतंय तिथे, आणि आपलं डोकंसुद्धा मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही, कारण गाडी आपल्या लेनमधे असते आणि झुकलेलं डोकं समोरच्या पिकअपच्या लेनमधे.

हे शिकायला आपल्याइतकं चांगलं गाव नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट घे. चढताना सगळेच हिरो असतात, तू उतरताना काय होतं ते बघ. खाली पोचल्यावर थांब आणि नाक लाव, ब्रेकचा जळका वास येतोय का? येत असेल तर तू पूर्ण घाट ब्रेक धरून उतरलीस. परत जा वर, परत उतर. मग पेठ रोडचा सावळघाट, मग त्र्यंबकहून जव्हारकडे. कसाऱ्याला जाऊ नकोस, तिथे ट्रक चुकवण्यातच वेळ जातो, शिकायला काही मिळत नाही. आणि श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या, त्र्यंबकच्या रस्त्याला फिरकायचं सुद्धा नाही हे तुला मी सांगायला नको.

मात्र एक एक दिवस जाऊन येणं ही अर्धीच प्रॅक्टिस आहे. एक सलग तीन दिवसांची ट्रिप कर, पहिल्या दिवशी दिंडोरी-वणीवरून सापुतारा, दुसऱ्या दिवशी आहव्याकडे डांगात हिंडून परत मुक्काम, तिसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठशील तेव्हा कळेल की बुडाचं, मनगटांचं आणि मानेचं काय झालंय. जमलं तर पावसात कर. नोव्हेंबरात तिकडे पाऊस संपत आलेला असतो, तरी एखादी सर येते, आणि ओल्या रस्त्यावरचा पांढरा पट्टा किती घसरतो हे पाय गावात जाऊन शिकण्यापेक्षा वणीला शिकलेलं बरं.

आणि तू हे सगळं गिअरच्या बाइकवरच करायचं असं गृहीत धरून बसलीयस, ते का? खरी ट्रिप गिअरवरच होते असं कोणी सांगितलं? चियांग मायला जी गाडी सहज भाड्याने मिळते ती सव्वाशे ते एकशे साठ सीसीची स्कूटर असते आणि त्या लूपवर निम्मी दुनिया त्यावरच फिरत असते. पंधरा वर्षांचा हात आहे तुझा. सीबीएसच्या गर्दीत, रविवार कारंज्याला, पावसात, भाजीच्या पिशव्या लटकवून, पोराला पुढे उभा करून चालवलेली गाडी आहे ती. त्याला तू प्रॅक्टिस म्हणतच नाहीस! फक्त एक लक्षात ठेव, उतारावर स्कूटरला इंजिनचा ब्रेक कमी मिळतो, थ्रॉटल पूर्ण सोडून वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते, मग सगळा भार ब्रेकवर. त्यामुळे दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे, आणि लिव्हर मऊ लागायला लागली की साइडला घेऊन पंधरा मिनिटं चहा. मधला पर्याय पण मिळतो, बिनक्लचची पायाने गिअर टाकायची गाडी, आपल्याकडे पूर्वी हीरो होंडाची स्ट्रीट होती ना, तसली. उताराला ती छान. पण गिअर आला म्हणजे परत तो ओ आला, तेव्हा लायसन्सचं काम झालं असेल तरच.

आता माझं सांगते, म्हणजे मी हे कोरड्या तोंडाने बोलत नाहीये ते कळेल.

आम्हीही तिघीच होतो. तिसरा दिवस, मे हाँग सोनहून निघालो होतो, खुन युआमच्या थोडं अलीकडे, दुपारचे साडेतीन. पुढच्या दोघी दिसेनाशा झाल्या होत्या. आदल्या रात्री जेवताना एक जण गमतीत म्हणाली होती, आज तुझी वाट बघण्यात दोन कॉफ्या झाल्या गं. गंमतच होती, पण ती माझ्या डोक्यात बसली होती आणि मी सकाळपासून न खाता चालवत होते, म्हणजे माझा थांबा वाचेल. डाव्या वळणावर कडेला बारीक खडी, स्पीड जेमतेम पंचवीस. गाडी खालून सरकली, इतकी हळू सरकली की मला ‘अगं, पडतोय आपण’ असा पूर्ण विचार करायला वेळ मिळाला. डाव्या तळहाताची साल निघाली, कारण गरम होतंय म्हणून ग्लोव्ह्ज काढून बॅगेत टाकले होते. एक बाई पिकअप थांबवून उतरली, मागे कोबी भरलेले. तिने बाटलीतल्या पाण्याने माझा हात धुतला, खडे निवडले, आणि मग एक केळं सोलून सरळ माझ्या तोंडापुढे धरलं. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. मी ते खाल्लं आणि रडले. हात दुखत होता म्हणून नाही, भूक लागली होती हे तेव्हा कळलं म्हणून.

पुढच्या दोघी वीस मिनिटांनी परत आल्या. ज्या वीस मिनिटांसाठी मी उपाशी पळत होते, तीच.

म्हणून तुला सांगते, हळू चालवणं ही तुझी अडचण नाही, ते न सांगणं ही आहे. तुझ्या मैत्रिणींना अजून माहितीच नाही की तुला भीती वाटते, त्यांनी सगळा प्लॅन त्यांच्या वेगाने आखलाय, आणि तू मनातल्या मनात त्यांच्यावतीने स्वतःवर चिडतेयस. त्यांना आधी सांग. आणि नुसतं ‘मी जरा स्लो आहे हं’ असं लाजत नको, प्लॅनच बदलायला सांग: दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, चारच्या आत मुक्कामी, कारण नोव्हेंबरात तिकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि अंधारात डोंगर उतरायचा नाही म्हणजे नाही. मे सारियांग ते चियांग माय एकशे नव्वदच्या आसपास आहे, तो शेवटचा दिवस सगळ्यात मोठा आणि अंगात सगळ्यात कमी जीव असतो, तेव्हा मधे एक मुक्काम टाका, इन्थानॉनच्या पायथ्याशी टाका हवं तर. पाच दिवसांचे सहा करा.

रस्त्यावर कसं चालायचं यावर दोन पद्धती आहेत. एक, तू मधे, एक पुढे, एक मागे. दिसायला सेफ वाटतं, पण पुढची सारखी आरशात बघते, मागची कंटाळून चिकटते आणि मधलीला वाटतं दोन पोलिस बरोबर आहेत. दुसरी, जिने तिने आपल्या वेगाने चालवायचं, पुढचं गाव ठरलेलं, रस्ता फुटतो तिथे मागचीसाठी थांबायचंच, आणि तासाभरात मागची आली नाही तर मागे फिरायचं. मला दुसरी आवडते. त्यासाठी तिघींच्या फोनमधे ऑफलाइन मॅप आणि तिघींकडे तिकडचं सिम पाहिजे, एकीच्या हॉटस्पॉटवर तिघी असला काटकसरीचा प्रकार नको. ११५५ टुरिस्ट पोलिस आणि १६६९ अँब्युलन्स, हे दोन नंबर सेव्ह करा आणि एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे सरकवा, कारण फोन लॉक असतो आणि मालकीण खडीवर.

नवऱ्याचं. मी त्याच्या बाजूने बोलणार नाहीये, ‘हे तुझं काम नाही’ हे हसून म्हटलेलं जास्त लागतं हे मला माहितीय. पण तू गृहीत धरलंयस की त्याला सांगणं म्हणजे त्याची परवानगी मागणं. मागू नकोस ना परवानगी. त्याच्यासमोर इन्शुरन्सच्या पॉलिसीची कॉपी ठेव, रोजचा मुक्काम लिहिलेला कागद ठेव, आयडीपी दाखव आणि सांग, मी स्कूटर चालवणार आहे, काही झालं तर या नंबरवर तुला फोन करायचाय. पत्रातून तरी तो माणूस वाईट वाटला नाही, पार्किंगमधे पडलेली बाइक उचलून त्यानेच लावली असणार. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. पण उद्या परदेशातून अनोळखी नंबरवरून फोन आला आणि तो म्हणाला, नाही हो, ती व्हॅनमधे आहे, तर तिथल्या हॉस्पिटलला आणि इन्शुरन्सवाल्याला तुझ्याबद्दल खरं सांगणारं कोणीच उरत नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव, त्यात मी पडत नाही. सांगायचंच असेल तर पंधरा दिवस आधी नको, दोन दिवस आधी सांग.

इन्शुरन्स घेताना एक कर. विमावाल्याला फोनवर नाही, ईमेलवर विचार: भाड्याची दुचाकी मी स्वतः चालवताना झालेला अपघात कव्हर आहे का, किती सीसीपर्यंत, लायसन्स-हेल्मेटची अट काय. बऱ्याच पॉलिसीत दुचाकी चालवणं वगळलेलं असतं किंवा वेगळा पैसा भरून घ्यावं लागतं. ‘हो मॅडम, सगळं कव्हर आहे’ हे फोनवरचं वाक्य पुढे कामाला येत नाही. आणि तिकडचा दुकानदार ‘इन्शुरन्स आहे’ म्हणतो तो बहुतेक वेळा तिथला सक्तीचा विमा असतो, त्यात माणसाच्या दुखापतीचं थोडंफार मिळतं, गाडीचं काहीच नाही.

दुकानदारावरून आठवलं, गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढ, दुकानाचा माणूस फ्रेममधे येईल असा, टायर, आरसे, खालचं प्लास्टिक, सगळं. मी काढला नव्हता. परत करताना त्या माणसाने माझ्या पडण्याचा ओरखडा मोजला, तो मला मान्यच होता, आणि मागच्या बाजूचा एक जुना, धूळ बसलेला ओरखडाही माझ्याच नावावर लावला. तो धुळीकडे बोट दाखवत होता, मी पण धुळीकडेच बोट दाखवत होते. पैसे दिले आणि निघाले, कारण त्याच्याकडे माझा पासपोर्ट होता. ही दुसरी चूक, पासपोर्ट कुणाकडे ठेवायचा नाही, पासपोर्टची झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट घेणारी दुकानं भरपूर आहेत, तसलं शोध.

तुझी यादी राहिली, तर घे. हेल्मेट स्वतःचं ने, फुल फेस, डोक्याला घट्ट बसणारं, भाड्याबरोबर मिळतं ते अर्धं आणि ढगळ असतं, मान हलवली की ते मागे राहतं. ग्लोव्ह्ज ने आणि गरम झालं तरी काढू नकोस. बूट घोट्याच्या वर येणारे, ते ट्रेकिंगचे असले तरी चालतील. जॅकेट साधं, कोपर-खांद्याला पॅड असलेलं, जाळीचं घे, महागडं नको. नी-गार्ड घे, हो. रेनकोट शर्ट-पँटवाला, पोंचो नको, तो वाऱ्याने डोक्यावर येतो. सनकोट इथे कॉलेज रोडला ठीक आहे, तिकडे नको, आणि स्कार्फ बांधायचाच असेल तर दोन्ही टोकं आत खोचलेली पाहिजेत, चाकात गेलेल्या ओढणीच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. मोठी सुटकेस चियांग मायच्या गेस्टहाउसला ठेवून दे आणि पाच-सात किलोची सॅक मागच्या सीटला रबरी पट्ट्यांनी बांध, पाठीला लावून चालवलंस तर दुसऱ्या दिवशी खांदे बोलतील. रात्री डोंगरात चांगलं गारठतं, निफाडसारखं म्हण, एक गरम आतलं घे. पॅड्स, ओआरएस, बँडेज, खिशात चिक्की. मेतकूट आणि ठेपले नेशीलच, सांगायला नको, तिकडे भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. पेट्रोलपंपांवर बायकांची टॉयलेट्स स्वच्छ असतात, तेव्हा पाणी न पिता चालवायचं हा आपल्याकडचा उपद्व्याप तिकडे करू नकोस. पंपावर ९१ किंवा ९५ नंबरचं पेट्रोल सांग, ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं, स्वस्त दिसतं म्हणून टाकू नकोस. आणि विमानात बसायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भर, फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद कर.

नोव्हेंबर निवडलात ते मात्र फार छान केलंत. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत तिकडे शेतं-जंगलं जाळतात, धुराने डोंगर दिसत नाहीत. नोव्हेंबरात खुन युआमजवळच्या डोंगरावर रानसूर्यफुलं फुलतात, अख्खा उतार पिवळा. आम्ही गेलो तेव्हा मी एका हाताला पट्टी बांधून तो बघितला.

या रविवारी दोघींना मिसळ खायला बोलाव, व्हॉट्सअॅपवर हे सगळं टाइप करत बसू नकोस. प्लेट आली, तर्री वाढून घेतली, की सांग: मी हळू चालवते, मला सहा दिवस लागतील, आणि मला भीती वाटते. लगेच उत्तर देतील असं नाही, खाऊ दे त्यांना. आणि त्या दोघींनाही लायसन्स घेऊनच यायला सांग. लडाख करून आल्या असल्या तरी टेबलावर ठेवायला लाव आणि मधला तो ओ बघ, असायचा एखादीचा.